बाहुलीचे ऐकणे

बोलक्या बाहुल्यांच्या कामात प्रेमगीत वाट्याला आले की मला थोडी धास्तीच वाटते, कारण विनोदी प्रवेशात बाहुलीचे तोंड वेळेवर उघडले तरी निभावून जाते, प्रेमगीतात तेवढ्याने भागत नाही. एका मराठी कार्यक्रमासाठी गायक आणि बाहुली यांचे द्वंद्वगीत चित्रित होत होते. जबडा उघडताना अंगठा खाली न्यावा, डोके वर उचलू नये, हे माझ्या तरुण सहकाऱ्याच्या हातात पक्के मुरलेले असल्यामुळे बाहुलीच्या ओळी झकास जमत होत्या. मात्र गायकाची ओळ सुरू झाली की बाहुली ठेक्यावर डोलू लागे आणि तो बिचारा भिंतीशी प्रेमालाप करत असल्यासारखा दिसे.

जेवणाच्या सुटीत मी सहकाऱ्याला ‘द मपेट शो’ या बाहुल्यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातले, ब्रिटिश गायक एल्टन जॉन आणि बाहुली मिस पिगी यांचे ‘डोन्ट गो ब्रेकिंग माय हार्ट’ हे द्वंद्वगीत दाखवले. एल्टन आणि गायिका किकी डी यांचे हे मूळ गाणे १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये ६ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. गंमत अशी, की एल्टनचा आवाज टोरांटोत ध्वनिमुद्रित झाला आणि किकीचा लंडनमध्ये. त्यामुळे ध्वनिमुद्रणाच्या वेळी दोघे समोरासमोर नव्हतेच. पुढे ‘द मपेट शो’च्या एल्स्ट्रीच्या स्टुडिओत मात्र त्याच गाण्यासाठी एल्टनसमोर प्रत्यक्ष प्रेयसी उभी राहिली, तीही बाहुलीकार फ्रँक ऑझ यांच्या हातावर चढवलेली एक डुक्करीण!

दुसऱ्यांदा मी आवाज बंद केला आणि एल्टनकडे न बघता फक्त पिगीकडे बघायला सांगितले. तिच्या भुवया चढत नाहीत, गाल लाजत नाहीत. जे काही आहे ते मानेच्या वळणात आणि थांबण्यात.

“पण दादा, मी गायकाला बघणार कसा? माझी नजर तर मॉनिटरवर,” सहकारी म्हणाला.

शंका रास्त होती. हात डोक्यावर उंच धरून, खाली दडून काम करणारा बाहुलीकार आपली बाहुली मॉनिटरवरच, म्हणजे कॅमेऱ्याचे चित्र दाखवणाऱ्या पडद्यावरच पाहतो, आणि ते चित्र आरशासारखे उलटेही नसते, म्हणून डावे-उजवे सांभाळण्यातच निम्मे लक्ष जाते. समोरच्या माणसासाठी उरतो तो केवळ कान. मी त्याला एवढेच सांगितले, की गायकाची ओळ चालू असताना हात स्थिर ठेव, तिचा शेवटचा शब्द कानी पडला की मान किंचित कलती कर, आणि स्वतःच्या ओळीआधी बाहुलीला श्वास घेऊ दे.

दुपारच्या टेकमध्ये बदल आधी दिसला तो गायकात. सकाळभर कॅमेऱ्याकडे बघून गाणारा तो गृहस्थ ओळीच्या शेवटी बाहुलीची मान वळेपर्यंत थांबू लागला, आणि त्याचा आवाजही उतरून बोलण्याच्या पट्टीत आला. संकलनाच्या वेळी दिग्दर्शकांनी त्याचे काही जवळून घेतलेले शॉट काढून टाकले आणि तिथे, त्याच्याच ओळींवर, ऐकणारी बाहुली ठेवली.