विहिरीवरचं सिमकार्ड

विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरला मोबाइल ऑटो, म्हणजे फोनवरून मोटर चालू-बंद करणारा सिमकार्डाचा डबा, जोडल्यापासून दादा रात्री विंचूकाट्यातून विहिरीवर जात नाहीत, याचं मला फार समाधान आहे. रात्रपाळीची थ्री-फेज वीज आली की डबा स्वतःच फोन करतो. आपण आकडा दाबला की आतला छोटा रिले (विजेवर चालणारा स्विच) जुळतो, स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची (मोटरला वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल पट्ट्या ओढून घेते आणि ५ एचपीची मोटर सुरू होते. बिनतारी भाग फक्त निरोप पोचवतो.

मला त्याहून मोलाची वाटते ती राखण. तीनपैकी एक फेज गेला किंवा पाणी तुटून मोटरचा करंट उतरला, की डबा रेंज असो-नसो, जागेवरच मोटर बंद करतो. विकत घेताना हेच आधी विचारा. आणि सिमचा रिचार्ज संपू देऊ नका.