डावा हात कुणाचा?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा निरोप आला तेव्हा वाटलं, स्नेहसंमेलन, सहली, मैदान यावर बाकीचे भरपूर लिहितील, आपण आपलं प्रयोगशाळेबद्दल लिहावं. मी गेली बावीस वर्षं फिजिओथेरपिस्ट आहे, रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे खांदे, गुडघे, मनगटं हातात घेऊन बसते, आणि या कामातली जी पहिली गोष्ट मी शिकले ती कॉलेजात नाही, आठवीत आपल्या विज्ञानाच्या बाईंकडे शिकले.

बाईंनी फळ्यावर समोर तोंड करून उभा असलेला माणूस काढला आणि मला म्हणाल्या, ये, याचा डावा हात दाखव. मी माझ्या डावीकडचा दाखवला. बाई म्हणाल्या, "हा तुझ्या डावीकडे आहे गं, पण हात कुणाचा आहे?" बस्स, एवढंच. शरीराच्या अभ्यासात डावं-उजवं नेहमी त्या शरीराचं, बघणाऱ्याचं नाही. आज पेशंट समोर बसला की माझ्या उजवीकडे त्याचा डावा खांदा असतो आणि हे मला एक क्षणही आठवावं लागत नाही.

मग त्यांनी सगळ्या वर्गाला उभं केलं. सरळ उभे राहा, नजर समोर, हात खाली सोडलेले, तळवे पुढे, अंगठे बाहेरच्या बाजूला. हीच ती अॅनाटॉमिकल पोझिशन, वर, खाली, आतल्या बाजूला, बाहेरच्या बाजूला असं जे काही शरीराबद्दल बोलायचं ते माणूस असा उभा आहे असं धरून बोलायचं, मग तो प्रत्यक्षात झोपलेला असो की पालथा. कुणीतरी विचारलं की तळवे पुढे कशाला, असं अवघडून कोण उभं राहतं? बाईंनी लगेच उत्तर दिलं नाही, म्हणाल्या हात चाचपून बघा, सापडेल.

मला ते सापडलं पुढच्या वर्षी आणि तेही हात मोडून घेतल्यावर. पडले, कोपराखालची दोन्ही हाडं मोडली, सहा आठवडे प्लॅस्टर. प्लॅस्टर निघालं तेव्हा कोपर थोडा कडक होता पण वाकत होता, सरळही होत होता, फक्त तळवा वर करता येईना. समोरच्याने काही दिलं तर ओंजळ पुढे करता येईना, आणि मी घाबरले की हाड वाकडं जोडलं गेलं. मधल्या सुट्टीत बाईंनी मला प्रयोगशाळेत नेलं, सांगाड्याजवळ उभं केलं आणि दोन पेन्सिली घेतल्या. एक करंगळीच्या बाजूची, एक अंगठ्याच्या बाजूची. तळवा पुढे असताना दोन्ही शेजारी शेजारी, समांतर. मग त्यांनी अंगठ्याच्या बाजूच्या पेन्सिलीचं वरचं टोक जागच्या जागी धरून खालचं टोक दुसरीवरून पलीकडे नेलं, पेन्सिलींची फुली झाली आणि बाई म्हणाल्या, हा बघ तळवा मागे वळला.

त्या क्षणी आधीच्या वर्षीच्या प्रश्नाचं उत्तरसुद्धा मिळालं! तळवे पुढे केले की हाताची हाडं एकमेकांवर चढत नाहीत, सगळं मोकळं, आपापल्या जागी असतं.

तुम्हीही करून बघा. कोपराच्या टोकावर दुसऱ्या हाताचं बोट ठेवा आणि करंगळीच्या बाजूने खाली मनगटापर्यंत सरकवत न्या, पूर्ण लांबीभर एक हाड कातडीखाली लागतं, ते अल्ना. आता बोट त्यावर तसंच ठेवून तळवा वर-खाली फिरवा. अल्ना जवळजवळ जागेवरच राहते, फिरतं ते अंगठ्याच्या बाजूचं रेडियस. कोपर वाकवण्याचं मुख्य काम दंडाचं हाड आणि अल्ना यांच्या बिजागरीसारख्या सांध्याचं, आणि तळवा फिरवण्याचं काम रेडियस आणि अल्ना यांच्यातल्या वरच्या आणि खालच्या सांध्यांचं, म्हणजे ही दोन कामं वेगळी आहेत, म्हणूनच एक चालू आणि एक बंद असं होऊ शकतं. माझं हाड सरळच जोडलं होतं, सहा आठवडे न फिरलेले सांधे आणि आजूबाजूचे स्नायू आखडले होते, रोज थोडं थोडं फिरवत राहिल्यावर हात पूर्ण मोकळा झाला.

त्याच दिवशी बाईंनी अजून एक सांगितलं जे मला आजही फार मोठं वाटतं. म्हणाल्या, या सांगाड्याकडे बघून हाड म्हणजे दगड असं समजू नकोस, तुझं हाड जिवंत आहे. त्यात रक्तवाहिन्या आहेत, पेशी आहेत, जुनं हाड खाणाऱ्या वेगळ्या आणि नवीन घडवणाऱ्या वेगळ्या, मोठ्या माणसांत काही हाडांच्या मगजात रक्ताच्या लाल पेशी तयार होत राहतात. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळतं, मग मऊ जोड, मग कडक, आणि मग कित्येक महिने त्याला घासूनपुसून मूळ आकार द्यायचं काम चालू राहतं. हाडावर जसा भार पडतो तसं ते स्वतःला घडवतं, भार काढून घेतला तर विरळ होतं, अंतराळवीरांच्या कंबर-मांडीच्या हाडांचा महिन्याला साधारण १ टक्का भाग म्हणूनच कमी होतो. आमचे पेशंट प्लॅस्टर निघालं तरी हात जपून जपून बाजूला ठेवतात, त्यांना मी हेच सांगते.

मोठ्या माणसात २०६ हाडं हे सगळ्यांनी पाठ केलं असेल. बाईंनी ते पाठ करून घेतलं नाही, मोजायला लावलं. एका हाताच्या पंज्यात मनगटासकट २७, एका पावलात घोट्यासकट २६, दोन्हीकडची मिळून १०६, म्हणजे निम्म्याहून जास्त हाडं फक्त पंजे आणि पावलांत. का? तर जिथे बारीक हालचाल हवी तिथे छोटे छोटे तुकडे आणि पुष्कळ सांधे, आणि जिथे वजन पेलायचंय तिथे मांडीसारखं एकच लांब दणकट हाड. रचना बघितली की काम ओळखू यावं आणि काम सांगितलं की रचना कशी असेल याचा अंदाज यावा, हा त्यांचा आग्रह होता. पुढे कॉलेजात शरीररचना आणि शरीरक्रिया हे दोन वेगळे विषय, वेगळी पुस्तकं, वेगळे तास असं होतं, आणि मला अजूनही वाटतं की सुरुवातीला तरी ते असं तोडू नये.

पेशी, ऊती, अवयव, संस्था ही उतरंड आम्ही केली, चार प्रकारच्या ऊती केल्या, ते पुस्तकात आहेच. पण रक्ताभिसरणाचा तास मात्र सांगायलाच हवा.

बाईंनी आधी गणित घातलं. हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं, मिनिटाला ७० ठोके, किती झालं? जवळजवळ ५ लिटर. तासाला? ३०० लिटरच्या आसपास. आणि अंगात एकूण रक्त साधारण ५ लिटर. मग तासाला ३०० लिटर येतं कुठून? वर्ग एकदम गप्प झाला. मग सांगितलं की रोमन काळातल्या गेलेन या वैद्यापासून चौदाशे वर्षं वैद्य मानत होते की अन्नापासून यकृतात सतत नवं रक्त बनतं आणि शरीर ते वापरून टाकतं, आणि विल्यम हार्वे या इंग्लिश डॉक्टरने १६२८ साली याच धर्तीचा हिशोब मांडून दाखवलं की इतकं रक्त रोज बनणं शक्यच नाही, तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे.

मग प्रयोग. हात खाली सोडला, हाताच्या पाठीवरच्या शिरा फुगल्या. एका शिरेवर बोटांच्या बाजूला एक बोट दाबून धरलं आणि दुसऱ्या बोटाने तिथून मनगटाकडे रक्त पुढे ढकललं. वरचं बोट उचललं. शीर रिकामी ती रिकामीच! वरून रक्त मागे येत नाही, आतली झडप येऊ देत नाही. मग खालचं बोट उचललं आणि शीर सर्रकन भरली. माझ्या शेजारच्या मैत्रिणीच्या हातावर ते इतकं स्पष्ट दिसलं की आम्ही पुढचा तास चालू असतानाही बाकाखाली तेच करत होतो. धमन्यांतून शिरांत रक्त नेमकं कसं जातं ते हार्वेला बघता आलं नाही, त्या केसासारख्या बारीक केशवाहिन्या माल्पिघी या इटालियन शास्त्रज्ञाला सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात दिसल्या १६६१ साली, तेव्हा हार्वे जाऊन चार वर्षं झाली होती. बाई हे सांगताना थोड्या थांबल्या होत्या, मला नीट आठवतंय.

होमिओस्टॅसिस, म्हणजे बाहेर काहीही झालं तरी शरीराने आतली स्थिती स्थिर राखणं, हा शब्द दहावीनंतर कळला पण गोष्ट आधीच केली होती. बसून नाडी मोजली, मैदानाला तीन फेऱ्या मारून मोजली, मग दर मिनिटाला मोजत वहीत आलेख काढला. सगळ्यांचे आकडे वेगळे पण रेघ सगळ्यांची खालीच येत होती, आपापल्या जागी. घाम येतो, तो वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, थंडी वाजली की स्नायू थरथरून उष्णता तयार करतात, सगळी धडपड ३७ अंशांच्या आसपास राहण्यासाठी. कोण सांगतं शरीराला, असं मी विचारलं होतं. बाईंनी मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसची आकृती काढून दिली आणि खाली लिहिलं, तुझ्या त्या आलेखाशेजारी चिकटव. ती वही माझ्याकडे आहे.

नवी प्रयोगशाळा होतेय असं कळलं, खूप आनंद झाला. एकच सांगणं आहे, नवा सांगाडा घ्याल तेव्हा कोपराखालची हाडं तारेने घट्ट बांधलेला घेऊ नका, ज्याचा तळवा फिरवता येतो असा मिळतो तो घ्या, आणि कृपा करून तो काचेच्या कपाटात बंद करू नका, पोरांचा हात पोचेल असा ठेवा.