दुपारी मोठा, संध्याकाळी लहान

वागळे इस्टेटला आमचा गाळा आहे, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग-ड्रिलिंगचं मशीन) आणि सीएनसी टर्निंगचं जॉबवर्क. रबाळ्याचा एक जुना कस्टमर कधीपासून मागे लागलेला की हायड्रॉलिक मॅनिफोल्ड ब्लॉक (आतून तेलाच्या वाटा असलेला ठोकळा) पूर्ण करूनच द्या, चारी बाजूंचे बोअर, म्हणजे भोकं, एका सेटिंगमधे हवेत. शेठनी फाइव्ह अ‍ॅक्सिसच्या मशीनचं कोटेशन मागवलं, हप्ता ऐकून गप्प झाले, मग आहे त्याच व्हीएमसीवर फोर्थ अ‍ॅक्सिस रोटरी टेबल (ब्लॉक बाजू बदलत फिरवणारं) बसवायचं ठरलं. बरोबरच होतं म्हणा, असल्या ब्लॉकला पाचवा अ‍ॅक्सिस हवाय कशाला.

टेबल बसलं, डायल लावून अलाइन केलं, फिक्स्चर झालं. मे महिना, पत्र्याखाली 34 डिग्री. पहिला जॉब उतरला, अ‍ॅल्युमिनियम 6061, दोन टोकांच्या बोअरमधलं अंतर 300 मिमी, टॉलरन्स (चालणारा फरक) प्लस-मायनस 25 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे 25 हजारांश. आमच्या हाइट गेजवर (उंची मोजायचं उभं गेज) चोख 300. बॅगेत टाकला आणि बाइकने विटाव्यावरून थेट रबाळे.

त्यांच्या एसी रूममधे सीएमएमवर (प्रोब टेकवून मोजणारं मशीन) लावला तर पंचेचाळीस-सेहेचाळीस मायक्रॉन जास्त. "ओव्हरसाइज आहे, घेऊन जा." म्हटलं साहेब, एकदा परत घ्या ना. मग त्यांचं जेवण, मग त्यांचेच दुसरे जॉब लागले, आमचा ब्लॉक ग्रॅनाइटवर तसाच पडून. संध्याकाळी परत लावला तर 300 पेक्षा जवळपास तेवढाच कमी! साहेब स्क्रीनकडे बघतायत, मी ब्लॉककडे. प्रोब कॅलिब्रेट केला तरी तेच. बोअरचा व्यास मात्र दोन्ही वेळेला एच 7 टॉलरन्समधे ओके.

आमच्या फिटर काकांना फोन लावला. "रूम किती डिग्रीला आहे?"
"वीस."
"मग काय! गरम नेलास, आता गार झाला."

अ‍ॅल्युमिनियम डिग्रीमागे मीटरला 23 मायक्रॉन वाढतं, स्टील साधारण साडेअकरा. 14 डिग्रीचा फरक, म्हणजे 300 लांबीत अ‍ॅल्युमिनियम 97 ने आखडणार. आणि आमचा हाइट गेज स्टीलचा, गाळ्यात तोही 48 ने ताणलेला, म्हणून त्याच्यावर 300 दिसणारा जॉब मुळात 300.048 होता, गार होऊन 299.951 झाला. बोअर 20 चा, तिथे गरम-गारचा फरक सहा-साडेसहा मायक्रॉनचा, म्हणून तो सुटला.

शेठ लगेच अख्ख्या शॉपला एसी लावायला निघाले, पत्र्याच्या शेडला! काकांनी त्यापेक्षा त्याच ग्रेडच्या बारचा 300 चा मास्टर (तुलनेसाठीचा नमुना) बनवायला लावला, 20 डिग्रीला मोजून सर्टिफिकेट घेतलं. तो मशीनशेजारीच असतो. कटिंग करून आलेला जॉब धुवून त्याच्या बाजूला ठेवायचा, दोघं एका टेंपरेचरला आले की डायल मास्टरवर झीरो करायचा आणि जॉब बघायचा, फरक येईल तो प्रोग्रॅममधे. मशीनचा स्क्रूही स्टीलचाच, 97 पैकी 48 त्याच्या ताणण्यातून मिळतात, म्हणून त्या मे मधे 300.048 टाकत होतो, डिसेंबरात बरंच कमी लागलं. एसीचं बिल वाचलं आणि लॉट पास व्हायला लागले.

आता त्याच कस्टमरची एसएस 316 ची (स्टेनलेस स्टील) चौकशी आलीये. त्याचा वाढण्याचा आकडा साधारण 16, हा मास्टर चालणार नाही, काकांनी बारचा तुकडा आधीच मागून ठेवलाय.