मेंढपाळाचं मानधन कोणत्या हेडखाली?

संशोधनाच्या निधीसाठीचा पहिला प्रस्ताव परत आला तेव्हा मला राग आला होता. नान्नजच्या माळरानावर लांडगा आणि खोकड नेमकं काय खातात, हे विष्ठेच्या नमुन्यांवरून शोधायचं, असा माझा विषय. पद्धत, संदर्भ, वेळापत्रक सगळं चोख. निधी देणाऱ्या फाउंडेशनचा शेरा मात्र एकाच ओळीचा: 'लोकांपर्यंत पोचण्याचा भाग अपुरा.' खरंच होतं ते. त्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'एक कार्यशाळा व माहितीपत्रक'. शेवटच्या रात्री, जागा भरायची म्हणून.

दुसऱ्या वेळी आधी नान्नजला मेंढपाळांच्या वाड्यावर गेलो. सोलापुरापासून वीसेक किलोमीटर, पण प्राणीशास्त्र शिकवायला लागून अकरा वर्षं झाली तरी संध्याकाळी मेंढरं परतताना मी तिथे कधी गेलो नव्हतो. तिथले म्हातारे मेंढपाळ आबा, त्यांनी चहा दिला आणि विचारलं, "लांडगं काय खात्यात ते आमाला ठावं हाय. कोकरू नेलं तर पैसं कसं मिळत्यात, ते सांगा की." वनखात्याकडून भरपाई मिळते, पण वेळेत कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो. तिथल्या निम्म्या लोकांनी अर्ज कधी केलाच नव्हता. कार्यशाळेच्या जागी मी भरपाईच्या अर्जाची मदत लिहिली, आणि शाळेत बोलायला प्राध्यापकाऐवजी मेंढपाळ.

शाळेत काय बोलायचं, हेही तिथेच सुचलं. माळ म्हणजे पडीक जमीन, झाडं लावली की सुधारेल, असं आपल्याकडे शिकलेली माणसंही बोलतात. मीही बोलायचो. गवताळ माळावर दाट झाडी आली की माळढोक पक्षी तिथे राहत नाही. त्याला लांबवर दिसणारा मोकळा माळ लागतो. १९७९ साली नान्नजचं हे माळढोक अभयारण्य झालं तेव्हा क्षेत्र होतं जवळपास ८,४९६ चौरस किलोमीटर, पुढे ते १,२२२ वर आणलं गेलं. आणि मादी एका वेळी अंडं घालते एकच, हे ऐकलं की पोरं गप्प होतात.

प्रस्ताव मंजूर झाला. खरी परीक्षा त्यानंतरची.

पैसा कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून, येणार होता, म्हणून आमच्या संस्थेचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक हवा होता. २०२१ पासून तो सक्तीचा आहे. संस्थेकडे आयकराची बारा-अ आणि ऐंशी-जी ही प्रमाणपत्रं होती, हा क्रमांक नव्हता. त्यात दोन महिने गेले. (वन्यजीव विभागाच्या परवानगीचा अर्ज मी आधीच टाकला होता, एवढं एक शहाणपण. अभयारण्यात नमुने गोळा करायचे तर तिच्याशिवाय चालत नाही.)

मग अकाउंट सेक्शन. दुर्बिणींना तीन कोटेशन, ठीक. जीपचं भाडं, ठीक. आबांच्या व्हाउचरवर गाडी अडली.

"सर, हे रिसोर्स पर्सन आहेत का?"

"हो."

"मग बायोडेटा लागेल."

बायोडेटा मीच लिहिला. शिक्षण: चौथी. अनुभव: चाळीस वर्षं, माळावर. साहेबांनी चष्मा काढून दोनदा वाचला आणि म्हणाले, "खर्चाचा हेड कुठला टाकू?" शेवटी 'मानधन, बाह्य तज्ज्ञ' असं ठरलं. रक्कम पाच हजारांच्या वर, म्हणून पावतीवर रुपयाचं महसुली तिकीट.

मार्चअखेर सीएच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र गेलं. फाउंडेशनच्या मॅडमनी फोनवर विचारलं, "बाह्य तज्ज्ञ कोणत्या विद्यापीठाचे?" मी सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षी त्यांचे दिवस वाढवा, दुर्बिणी पुरे झाल्या.

आबांना कळवलं. ते म्हणाले, "मंगळवार सोडून कदीबी. मंगळवारी बाजार असतोय."