'ब्राउझरमध्ये तर उघडतंय!'

हे वाक्य कुणी उच्चारलं की अजूनही माझं डोकं फिरतं. आमचा जावामध्ये लिहिलेला एक छोटा प्रोग्राम रोज रात्री दुसऱ्या एका कंपनीच्या सर्व्हरवर नोंदी पाठवतो. वर्षानुवर्षं त्याची कुणाला आठवणही येत नव्हती. मग त्या कंपनीने आपल्या सर्टिफिकेटचं, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याचं, नूतनीकरण केलं आणि त्याच रात्री आमच्या लॉगमध्ये 'एसएसएल हँडशेक एक्सेप्शन', म्हणजे सुरक्षित जोडणी जुळवतानाच आलेली चूक, दिसायला लागलं. त्याच्या शेपटाला 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड', आणि त्यापुढे 'अनेबल टू फाइंड व्हॅलिड सर्टिफिकेशन पाथ टू रिक्वेस्टेड टार्गेट'.

जावावाल्यांना ही ओळ पाठ असते. समोरून आलेल्या सर्टिफिकेटपासून आपल्याला मान्य असलेल्या एखाद्या रूटपर्यंत, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या मूळ संस्थेच्या सर्टिफिकेटपर्यंत, सह्यांची साखळी जुळली नाही, एवढाच तिचा अर्थ. का जुळली नाही, हे ती सांगत नाही. नेहमीचे संशयित आधी निकालात काढले: आपल्या मशीनचं घड्याळ बरोबर आहे का, सर्टिफिकेटची मुदत चालू आहे का, त्यातल्या 'सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम'मध्ये आपण हाक मारतो तेच नाव आहे का. सगळं ठीक होतं.

मग ओपनएसएसएल हे अशा जोडण्या तपासायचं कमांड-लाइन साधन काढलं. त्याच्या एस-क्लायंट कमांडला 'कनेक्ट', 'सर्व्हरनेम' आणि 'शोसर्ट्स' हे तीन पर्याय द्यायचे. 'सर्व्हरनेम' कायम स्वतः लिहायचं, विशेषतः नावाऐवजी आयपी पत्त्यावर जोडत असाल तेव्हा. एकाच पत्त्यावर अनेक साइट्स असल्या तर ते न दिल्यास भलत्याच साइटचं सर्टिफिकेट हातात येतं आणि आपण भलत्याच दिशेने शोधत बसतो.

उत्तरात 'सर्टिफिकेट चेन' नावाचा भाग येतो. प्रत्येक सर्टिफिकेटला शून्यापासून क्रमांक असतो. 'एस'समोर ते कुणाचं आहे आणि 'आय'समोर कुणी दिलं आहे ते लिहिलेलं असतं. इथे शून्य क्रमांक होता, एक नव्हताच. म्हणजे सर्व्हर फक्त स्वतःचं सर्टिफिकेट पाठवत होता. त्यावर सही करणाऱ्या इंटरमीजिएटचं, म्हणजे रूट आणि सर्व्हर यांच्यामधल्या दुव्याचं, सर्टिफिकेट सोबत पाठवणं हे सर्व्हरचं काम, तेच राहिलं होतं. खाली शेवटी 'व्हेरिफाय रिटर्न कोड: २१', म्हणजे पहिलंच सर्टिफिकेट तपासता येत नाही. निदान इथेच झालं. पुढचा सगळा वेळ ते समोरच्यांच्या गळी उतरवण्यात गेला.

त्यांच्या सपोर्टकडे तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, टाकलं, वरचं आउटपुट जोडलं. उत्तरात एक स्क्रीनशॉट आला. ब्राउझर, पत्त्याच्या पट्टीत त्यांच्या साइटचं नाव, शेजारी कुलूप. खाली ओळ: 'आमच्याकडे ब्राउझरमध्ये व्यवस्थित उघडत आहे, कृपया आपल्या बाजूने तपासावे.' मी पुन्हा लिहिलं. माणूस बदलला, स्क्रीनशॉट नवा आला, कुलूप तेच. त्यानंतर तिकीट 'नेटवर्क'कडे गेलं, तिथून फायरवॉलवाल्यांकडे, आणि फायरवॉलवाल्यांनी सुरक्षित जोडणीचं पोर्ट ४४३ उघडं असल्याची ग्वाही दिली. पोर्ट बंद असतं तर सर्टिफिकेटपर्यंत गाडी पोचलीच नसती, हे कुणाला सुचलं नाही.

ब्राउझरमध्ये का उघडतं, ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे अशा उत्तराला उत्तर देता येतं. सर्टिफिकेटच्या आत 'ऑथॉरिटी इन्फर्मेशन ॲक्सेस' नावाचा भाग असतो. आपल्यावर सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट कुठून उतरवून घ्यायचं, तो पत्ता त्यात लिहिलेला असतो. क्रोम आणि सफारी तो पत्ता वाचून राहिलेला दुवा स्वतः घेऊन येतात. फायरफॉक्स तसं करत नाही, पण माहीत असलेल्या इंटरमीजिएट्सचा साठा आधीच जवळ ठेवतो. थोडक्यात, ब्राउझर लाडावणाऱ्या आजीसारखा: सर्व्हर जे विसरला ते गुपचूप आणून देतो आणि घरात कुणाला पत्ता लागू देत नाही. लिनक्सवरचं कर्ल (कमांडवरून सर्व्हरशी जोडणारं साधन), पायथॉन, जावा असला लाड करत नाहीत. जावामध्ये ही सोय आहे, पण मुळात बंद ठेवलेली. टीएलएसचे, म्हणजे या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीचे, नियम तरी काय सांगतात? साखळी सर्व्हरने पाठवायची, फक्त रूट वगळलं तरी चालतं. तेव्हा 'आपल्या बाजूने तपासावे' हे उत्तर ब्राउझर दाखवून देता येत नाही.

मध्यंतरी सल्ले देणारे भेटतच होते. 'व्हेरिफिकेशन बंद करून टाका ना, दोन ओळींचं काम आहे.' हो, दोन ओळींचंच आहे, आणि त्या दोन ओळी मग कायमच्या तिथे राहतात. डेटा एन्क्रिप्ट होऊन जातो, पण कुणाकडे जातो ते विचारणारं कुणी उरत नाही. मध्ये कुणी स्वतःचं सर्टिफिकेट घेऊन बसलं तर त्यालाही आपण नमस्कार करून सगळं देऊन टाकतो. मी ठाम नकार दिला आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

पण रात्रीचं काम अडलेलं होतं. म्हणून तात्पुरता उपाय केला: सर्टिफिकेटमधल्या त्याच पत्त्यावरून इंटरमीजिएट उतरवलं, ते ओळखीच्या रूटशी जुळतं हे ओपनएसएसएलने पडताळलं आणि जावाचं कीटूल वापरून आमच्या ट्रस्टस्टोअरमध्ये, म्हणजे विश्वासाच्या सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये, घातलं. इथे एक लक्षात ठेवा. जावासोबत येणाऱ्या रूट-यादीच्या मूळ 'सीएसर्ट्स' फाइलला हात लावू नका. जावा अद्ययावत केलं की ती बदलते आणि तुमची भर त्यासोबत जाते. तिची प्रत करा, प्रतीत भर घाला आणि प्रोग्राम सुरू करताना ट्रस्टस्टोअरचा मार्ग त्या प्रतीकडे वळवा. नुसत्या नव्या रिकाम्या फाइलकडे वळवलात तर बाकीचे सगळे रूट गायब होतील आणि दुसऱ्याच जोडण्या तुटतील. पासवर्ड विचारला तर मूळ पासवर्ड 'चेंजइट' आहे, नाव सार्थ करून कुणी तो बदलत नाही.

हा उपाय मुक्कामी ठेवण्यासारखा नाही. पुढच्या वेळी सर्टिफिकेट वेगळ्या इंटरमीजिएटकडून आलं की पुन्हा तोच गोंधळ. लेट्स एन्क्रिप्टसारख्या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था तर एकाच वेळी अनेक इंटरमीजिएट वापरतात.

शेवटी तिकीट ज्या माणसाकडे पोचलं त्याला ओपनएसएसएल माहीत होतं. मी आणखी युक्तिवाद न करता एवढंच लिहिलं: ही कमांड तुमच्या ऑफिसबाहेरच्या एखाद्या लिनक्स मशीनवर चालवा आणि 'सर्टिफिकेट चेन'खाली किती सर्टिफिकेटं येतात ते बघा. त्याचं उत्तर त्याच दिवशी आलं. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने दोन फाइली पाठवल्या होत्या, एक सर्टिफिकेटची आणि एक साखळीची. नव्या सर्व्हरवर पहिलीच चढवली गेली होती. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरला एकाच फाइलमध्ये आधी आपलं सर्टिफिकेट आणि त्याखाली इंटरमीजिएट असा क्रम लागतो. आधीच्या माणसाने तशी जोडलेली फाइल करून ठेवली होती, नव्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

संपलं, असं वाटलं. म्हणून मी तात्पुरती भर काढली. रात्री काम काही वेळा गेलं, काही वेळा पडलं, आणि यश-अपयश झुपक्याझुपक्याने. त्यांच्या नावामागे एकाहून अधिक आयपी पत्ते होते आणि दुरुस्ती एकाच सर्व्हरवर झाली होती! जावा एकदा मिळालेला पत्ता सुमारे ३० सेकंद जवळ ठेवतो, म्हणून झुपके. हे पकडायचं तर 'कनेक्ट'मध्ये नाव न देता प्रत्येक आयपी पत्ता वेगवेगळा द्यायचा आणि 'सर्व्हरनेम'मध्ये मात्र नावच ठेवायचं. दुसऱ्या सर्व्हरवर तीच दुरुस्ती व्हायला पुन्हा तिकीट, पुन्हा स्क्रीनशॉट. या वेळी मी स्क्रीनशॉट उघडलासुद्धा नाही.

आधी सांगायचं राहिलं: 'जावाएक्स डॉट नेट डॉट डीबग' या जावाच्या सेटिंगला 'एसएसएल:हँडशेक' अशी किंमत दिली तर प्रोग्रामच्या हाती नेमकी कुठली सर्टिफिकेटं आली ते लॉगमध्ये दिसतं. ओपनएसएसएलला साखळी पूर्ण दिसते आणि प्रोग्राम तरीही रडतो, असं असेल तर हेच आधी चालवा. कदाचित वाटेतला ऑफिसचा प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करत असेल. मग त्या प्रॉक्सीचं रूट द्यावं लागतं. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडला ते 'नोड एक्स्ट्रा सीए सर्ट्स' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, पायथॉनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला 'रिक्वेस्ट्स सीए बंडल'मधून. सिस्टिममध्ये रूट घातलंय म्हणून या दोघांनाही ते दिसेल असं गृहीत धरू नका, दोघेही मुळात स्वतःची यादी बाळगतात.

तिकीट बंद झालं तेव्हा कारणाच्या रकान्यात 'ग्राहकाच्या बाजूची अडचण' असं लिहिलेलं होतं. मी ते पुन्हा उघडायला लावलं आणि कारण बदलून घेतलं. हट्ट म्हणा हवं तर. पण जाहीर सर्टिफिकेटांची कमाल मुदत ठरलेल्या वेळापत्रकानुसार टप्प्याटप्प्याने उतरत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येते आहे, म्हणजे हेच नूतनीकरण वर्षातून अनेकदा होणार. नोंद चुकीची राहिली असती तर दर वेळी पहिलं उत्तर पुन्हा कुलपाचाच स्क्रीनशॉट आला असता. आता रोज संध्याकाळी एक स्क्रिप्ट त्यांच्या प्रत्येक पत्त्यावर जाऊन साखळीत किती सर्टिफिकेटं आहेत ते मोजते आणि एकच सापडलं तर रात्रीचं काम सुरू होण्याआधी मला कळवते.