व्हेनेर म्हणजे पूजनीय नव्हे

पुण्यातल्या एका कंपनीत मी फ्रेंच ग्राहकांचे कॉल ऐकून लिहून काढायचे. प्रत्येक कॉलखाली रंग टाकायचा: खूश तर हिरवा, वैतागलेला तर लाल. फ्रेंचची बी-टू पातळीची परीक्षा नुकतीच पास झाले होते, त्यामुळे मी हवेतच.

तो कॉल पॅरिसच्या उपनगरातल्या एका गृहस्थांचा. इंटरनेट नऊ दिवस बंद. आवाज पन्नाशीतला आणि अगदी थंड. "ज स्वी व्हेनेर," ते म्हणाले. ज स्वी म्हणजे मी आहे. व्हेनेरे म्हणजे पूजनीय मानणं, हे मला पाठ. व्याकरण बसत नव्हतं, तिथेच थांबायला हवं होतं. पण वाटलं, किती सभ्य माणूस! पुढे "त्र्युक द उफ". उफ म्हणजे आपलं हुश्श. फोन ठेवताना "लेस बेतों". बेतों म्हणजे काँक्रीट, म्हणून मी शेऱ्यात लिहिलं, 'बहुधा रस्त्याचं काम चालू.' रंग हिरवा.

दुपारी मॅडमनी बोलावलं. त्या पॅरिसला राहून आलेल्या. "अगं, हा माणूस भडकलाय!"

त्यांनी माझ्याच वहीत पेन्सिलीने लिहिलं: ए-नेर-व्हे, म्हणजे चिडलेला. मग शेवटून वाचलं: व्हे-नेर-ए. शेपूट गळून उरतं व्हेनेर. फू, म्हणजे वेडा, त्याचं उफ, म्हणून 'त्र्युक द उफ' म्हणजे 'वेड लावणारा प्रकार'. तोंबे, म्हणजे पडणं, त्याचं बेतों, म्हणून 'लेस बेतों' म्हणजे 'जाऊ दे, सोड'. काँक्रीटचा काही संबंध नाही. रनो या फ्रेंच गायकाचं याच नावाचं गाणं 1977 मध्ये आलं आणि गाजलं होतं, तेव्हा पन्नाशीतल्या माणसाच्या तोंडी हे यायचंच.

शब्द उलटवायच्या या बोलीचं नावही तसंच घडलंय: लांव्हेर, म्हणजे उलटं, ते उलटवून व्हेरलां. लहानपणी आम्ही च ची भाषा बोलायचो, 'मला'चं 'चलाम'. आईला कळायला लागली की आमची मजा संपायची. तिकडे मात्र पोरं शब्द पुन्हा उलटा करतात. 'आराब', म्हणजे अरब, त्याचं 'बर' झालं, 1983 च्या वर्णद्वेषविरोधी मोर्चालाही वर्तमानपत्रांनी बरांचा मोर्चा म्हटलं. शब्द असा सगळ्यांचा झाल्यावर तोच फिरवून 'रबू' केला! मला हे फार आवडलं, पण तेव्हा तसं म्हणायची सोय नव्हती.

मी रंग लाल केला. शेरा मात्र आधीच क्लायंटकडे गेला होता. संध्याकाळी त्यांचा मेल आला: कोणत्या रस्त्याचं काम चालू आहे, कळवावे.