बाल्कनीखाली जिराफ, आत वरणाला फोडणी

ओरलँडोजवळ डिस्नेचं अ‍ॅनिमल किंगडम लॉज नावाचं हॉटेल आहे. बाल्कनीत उभं राहिलं की खाली जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात. याचे व्हिडिओ आमच्या लेकीने घरात इतक्यांदा लावले की शेवटी सासूबाईंनीच विचारलं, "हे खरं असतं का गं, की टीव्हीतलं?" जायचं ठरलं ते तिथून. त्यात आणखी एक कारण होतं. डिस्नेत तीन ते नऊ वर्षांचं मूल लहान धरतात, दहा वर्षं पूर्ण झाली की पूर्ण तिकीट. लेकीचा दहावा वाढदिवस जवळ येत होता आणि नवऱ्याने हिशेब मांडला होता.

बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, विरोध होता. "जनावरं बघायला अमेरिकेला कशाला? विश्वामित्री नदीच्या पुलावर उभी राहा, मगर फुकटात दिसते." बडोदेकराला यावर उत्तर देता येत नाही, कारण ते खरंच आहे.

आम्ही पाच जण, त्यात बाबांचे गुडघे आणि सासूबाईंचं शुद्ध शाकाहारी. पहिल्यांदा एका एजंटकडून कोटेशन मागवलं. त्यात 'सफारी थीम हॉटेल' एवढंच लिहिलेलं. खोदून विचारल्यावर कळलं की खोली स्टँडर्ड व्ह्यूची आहे. म्हणजे आवार किंवा पार्किंग दिसणार आणि जिराफासाठी खाली उतरायचं. या हॉटेलात सगळा खेळ खोली कोणत्या बाजूची त्याचा आहे. सॅव्हाना व्ह्यू, म्हणजे जनावरांच्या माळाकडची खोली, असे शब्द बुकिंगवर लिहिलेले नसतील तर बाल्कनीतून प्राणी दिसतीलच असं धरून चालू नका.

हॉटेलच्या इमारती दोन. जुनी जांबो हाऊस, 2001 साली उघडलेली. भव्य लॉबी, गवताने शाकारल्यासारखं छत, ढालींची झुंबरं, सगळा थाट तिथे. दुसरी किदानी व्हिलेज, 2009 ची, थोडी शांत. दोन्ही आफ्रिकेतल्या क्राल वस्तीच्या धर्तीवर अर्धवर्तुळात बांधलेल्या आणि मधल्या मोकळ्या माळांवर जनावरं. असे चार माळ आहेत, सगळे मिळून दोनशेच्या वर प्राणी. आम्ही किदानी निवडलं ते स्वयंपाकघरासाठी. तिथल्या वन बेडरूम व्हिलात चूल, फ्रिज, भांडी, कपडे धुवायचं आणि वाळवायचं मशीन, सगळं असतं. पाच माणसं झोपतात आणि मुख्य म्हणजे बाथरूम दोन. सासू, सासरे, मूल बरोबर असेल तर दोन बाथरूमची किंमत काय असते ते वेगळं सांगायला नको.

आता पैशाचं. हॉटेलच्या साइटवर या व्हिलाचा भाव बघून नवऱ्याने लॅपटॉप मिटला होता. मग न्यू जर्सीच्या दिरांनी पॉइंट्सचा मार्ग सांगितला. किदानी हे डिस्नेच्या व्हेकेशन क्लबचं ठिकाण आहे. क्लबच्या सभासदांना दरवर्षी ठरावीक पॉइंट्स मिळतात. ज्यांना त्या वर्षी जायचं नसतं ते आपले पॉइंट्स दुसऱ्याला भाड्याने देतात. मधले दलाल असतात, करार करून देतात. ज्या सभासदाचं मूळ ठिकाण हेच हॉटेल आहे तो अकरा महिने आधी खोली धरू शकतो, बाकीचे सभासद सात महिने आधी. चांगल्या खोल्या मधल्या चार महिन्यांतच संपतात, म्हणून दलालाला पहिल्याच मेलमध्ये स्पष्ट लिहायचं: पॉइंट्सचा मालक याच हॉटेलचा हवा आणि खोली किदानीतली, सॅव्हाना व्ह्यूची. साइटवरच्या भावापेक्षा बरंच स्वस्त पडलं. अर्थात कार्डवर बँक परदेशी व्यवहाराचे वेगळे टक्के लावते, वर त्यावर जीएसटी. तो आकडाही आधीच धरा.

यात अडचण एकच, पण मोठी. पॉइंट्सचं बुकिंग बहुधा रद्द होत नाही, पैसे परत मिळत नाहीत. म्हणून आम्ही क्रम उलटा लावला: आधी व्हिसा, मग पैसे. आपल्याकडचे लोक मुंबईला जातात. बोटांचे ठसे एका दिवशी, मुलाखत दुसऱ्या दिवशी, त्यामुळे मुक्काम धरूनच निघा. मुलाखतीत बाबांना विचारलं, कशाला जाताय? "नातीला जिराफ दाखवायला," असं बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पुढे काही विचारलं नाही.

बुकिंग मालकाच्या खात्यातून होतं, पण पाहुणे म्हणून आपली नावं पडतात. ती पासपोर्टप्रमाणे आहेत ना ते बघून घ्या. कन्फर्मेशन नंबर आला की तो डिस्नेच्या अ‍ॅपमध्ये जोडायचा. मग आपण नेहमीच्या पाहुण्यांसारखेच: पार्कात अर्धा तास लवकर प्रवेश, आणि रेस्टॉरंटची टेबलं मुक्कामाच्या साठ दिवस आधीपासून. पार्कची तिकिटं मात्र वेगळी काढावी लागतात. बाबांसाठी 'लॉबीजवळची खोली मिळावी' अशी विनंतीही नोंदवली. ही विनंती विसरू नका. किदानीचे बोळ इतके लांब आहेत की टोकाची खोली मिळाली तर नाश्त्याला जातानाच म्हाताऱ्या माणसाचा दिवसाचा व्यायाम होईल.

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो. गुजरातच्या शाळांना तीन आठवडे मिळतात ते अशा वेळी कामाला येतात. लक्ष्मीपूजन घरी केलं आणि निघालो. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा फ्लोरिडात छान असतो, उन्हाळ्यातला घाम आणि रोज दुपारचा पाऊस सरलेला असतो. थँक्सगिव्हिंगची गर्दी महिनाअखेरीला. बॅगेत भाकरवडी, लिलो चिवडा, मेतकूट, गोडा मसाला. तांदूळ-डाळ नेली नाही. भारतातून तांदूळ न्यायला तिथे बंदी आहे, आणि जे खाण्याचं नेतो ते कस्टम्सला सांगावंच लागतं. मेतकुटाकडे बघून कस्टम्सच्या माणसाने विचारलं, हे काय? नवऱ्याने "रोस्टेड लेंटिल पावडर" म्हणून वेळ मारून नेली.

विमानतळावरून हॉटेलची फुकट बस असायची, ती 2022 च्या सुरुवातीला बंद झाली. टॅक्सी करावी लागते. डाळ, तांदूळ, दूध, भाज्या ओरलँडोतल्या भारतीय किराणा दुकानातून घेत गेलो. ऑनलाइन मागवलं तरी हॉटेल ताब्यात घेऊन ठेवतं.

खोलीत शिरल्याबरोबर लेक बाल्कनीकडे धावली आणि बाबा पलंगाकडे. पाच मिनिटांत बाबाही बाल्कनीत. समोर आफ्रिकेतली अंकोले जातीची गाय उभी होती. एकेक शिंग माणसाच्या हाताएवढं लांब, बुडाशी मनगटाच्या कितीतरी पट जाड. बाबांचं लहानपण डभोईकडचं, घरी बैल असलेलं. बराच वेळ न्याहाळून म्हणाले, "ही तर आपल्या कांकरेज गाईची थोरली बहीण!" त्यानंतर त्यांनी 'कशाला आलो' हा प्रश्न काढला नाही.

सकाळी सातच्या सुमाराला जिराफ अगदी जवळ येतात. उंच खांबांना पाल्याच्या फांद्या बांधलेल्या असतात. जिराफ मान तिरकी करतो, जांभळी-काळी जीभ बाहेर काढतो, फांदीला विळखा घालतो आणि एका हिसक्यात पानं ओरबाडून देठ तसाच सोडतो. आम्ही चहाचे कप घेऊन हे बघत बसायचो. चहा गार व्हायचा. दुपारी मात्र बहुतेक जनावरं सावलीत बसतात, कधी काही वेळ मागच्या गोठ्यात नेतात, आणि माळ रिकामा दिसतो. ज्यांना दहाला उठून अकराला पार्कात जायचं आणि रात्री परतायचं, त्यांनी सॅव्हाना व्ह्यूला पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्या पैशात पार्कजवळच्या साध्या हॉटेलात दुप्पट दिवस राहता येईल. आम्ही मुद्दाम एक दिवसाआड पार्क ठेवला. मधल्या दिवशी घर, पोहण्याचा तलाव आणि बाल्कनी.

किदानीच्या माळावर ओकापी आहे. जिराफाचा नातलग, पण पायांवर झेब्र्यासारखे पट्टे. काँगोच्या दाट जंगलात राहणारा हा प्राणी बाहेरच्या शास्त्रज्ञांना 1901 पर्यंत माहीतच नव्हता. तो लाजाळू आहे, दिसला तर नशीब. लेकीने तो रांगेने फोटोत पकडला, त्यातले निम्मे नुसते झाडाचे. रात्री बाहेरच्या कट्ट्यावर कर्मचारी अंधारात दिसणाऱ्या दुर्बिणी डोळ्याला लावून देतात, त्याचे पैसे नाहीत. तिथे बोट्स्वानाचा एक तरुण असायचा. त्याच्याकडे गाईगुरं म्हणजेच संपत्ती हे कळल्यावर बाबांनी त्याला सोडलाच नाही. बाबांचं इंग्रजी बेताचं, त्याचं मराठी शून्य, तरी अर्धा तास गोठा, चारा आणि दूध यावर दोघांचं व्यवस्थित चाललं होतं.

स्वयंपाकघराबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण हे कोणी सांगत नाही. शेगडी विजेची असते, गॅस नाही, म्हणजे आच लगेच कमी होत नाही. प्रेशर कुकर नसतो. तूरडाळ शिजवत बसू नका, मुगाची करा. फोडणीला तेल कडकडीत तापवलंत आणि मिरची टाकलीत की धुराचा अलार्म कधी वाजेल याचा नेम नाही. सासूबाईंनी पंखा पूर्ण जोरात लावला, पातेल्यावर झाकण अर्धवट धरलं आणि मोहरी तडतडली तशी लगेच डाळ ओतली. अलार्म वाजला नाही. बाहेर झेब्रे आणि आत हिंगाचा वास. देवापुढे निरांजन, उदबत्ती मात्र लावायची नाही, म्हणून बॅटरीचा दिवा नेला होता. व्हिलात रोज झाडलोटीला कोणी येत नाही. कचरा बाहेर नेणं, भांडी मशीनमध्ये लावणं आपलं आपण.

बाहेर खाल्लं ते मुख्यतः सना नावाच्या रेस्टॉरंटात. ते किदानीतच खाली आहे, खिडकीला लागून माळ. जेवण आफ्रिकी, पण भारतीय वळणाचं. त्यांची ब्रेड सर्व्हिस तिथे फार प्रसिद्ध आहे: नान, कुलचा वगैरे आणि त्याबरोबर आंब्याची चटणी, कोथिंबिरीची चटणी, लसणाचं लोणचं, रायतं अशी वाट्यांची रांग. अमेरिकन लोक दुरून येऊन हे खातात. सासूबाईंनी सगळ्या वाट्या चाखून निकाल दिला की लोणचं बरं आहे, नान घरी यापेक्षा चांगला होतो, पण जिराफ घरी येत नाही. जांबो हाऊसमधल्या बोमा या बुफेत सूप आणि भाज्या भरपूर आहेत. वेटरला शाकाहारी म्हणजे काय ते सविस्तर सांगा, अंडं आणि मासळीसकट. तिथली झेब्रा डोम ही चॉकलेटची मिठाई सगळे वाखाणतात. त्यात आमारुला हे दक्षिण आफ्रिकेचं लिकर असतं. बाबांनी दोन खाल्ल्यानंतर मी ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आधी सांगितलं असतंस तर एकच खाल्ली असती."

पार्कांकडे जायला इथून फक्त बस. मोनोरेल नाही, बोट नाही, केबल कार नाही. अ‍ॅनिमल किंगडम पार्क अगदी जवळ आहे, तरी चालत जायची वाट नाही. मॅजिक किंगडमहून आतषबाजी संपल्यावर परतताना बसची रांग लांबते. बाबांना बरोबर घेऊन आम्ही शेवटच्या फटाक्याआधीच निघायचो. सिंह आणि हत्ती हॉटेलच्या माळावर नाहीत, ते पार्कातल्या किलिमांजारो सफारीत उघड्या ट्रकमधून बघायचे. गीर बघितलेल्या माणसाने सिंहासाठी फार उतावीळ होऊ नये. त्याच पार्कात आनंदपूर नावाचं एक खोटं आशियाई गाव उभं केलं आहे. पोपडे निघालेल्या भिंती, लोंबणाऱ्या तारा, रंग उडालेल्या पाट्या, सगळं हुबेहूब. बाबा दोन मिनिटं बघत राहिले. "एवढी तिकिटं काढून आपल्या बडोद्याची मांडवीच बघायला आलो का?" पुढच्या पायवाटेवर वाघ दिसले तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

निघताना खोली सकाळी अकराला सोडावी लागते. विमान रात्रीचं असेल तर बॅगा खाली काउंटरवर ठेवतात. तलाव आणि बाहेरचे कट्टे संध्याकाळपर्यंत वापरता येतात. फक्त एक जोड कपडे आणि बाबांची औषधं वरच्या पिशवीत ठेवा, कारण एकदा बॅगा आत गेल्या की हव्या त्या क्षणी मिळत नाहीत.